वारा, दोर, माणूस

क्रेनच्या कॅबिनमध्ये बसलेल्या बाईला घाम फुटला तर तो खालच्यांना दिसत नाही, ही त्या नोकरीतली मोठी सोय. घार गेलं दीड वर्ष त्या काचेच्या खोलीत भिजून चिंब होत होती आणि खाली कुणाला पत्ता नव्हता. घार हे तिचं कामावरचं नाव. वर बसून सगळ्यांवर नजर ठेवते म्हणून कुणीतरी टोमणा म्हणून ठेवलं होतं. तिला ते इतकं आवडलं की टोमणा मारणाऱ्याचीच पंचाईत झाली.

पाळी गेली आणि शरीराने संपच पुकारला. रात्री अंगाची भट्टी, झोपेचं खोबरं, आणि सकाळी नवऱ्यावर तोंडसुख. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, त्यामुळे धीर भरपूर. पण एके दिवशी तोही म्हणाला, "तू डॉक्टरकडे जा, नाहीतर मी जातो."

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून हार्मोनची औषधं दिली. एक गोळी सकाळी, एक रात्री. "सुरुवातीला छाती दुखेल, पोट फुगेल, मळमळेल. बहुतेकींचं शरीर दोन-तीन महिन्यांत जुळवून घेतं. जास्त त्रास झाला तर मला सांगा. मनाने काही करू नका."

घारीने मान डोलावली आणि मनानेच केलं. दोन्ही गोळ्या ती सकाळीच, शिडी चढायच्या आधी, रिकाम्या पोटी गिळू लागली. वर चढण्याआधी सगळं उरकायचं, मागे काही शिल्लक ठेवायचं नाही, हा तिचा शिरस्ता. आजवर त्या शिरस्त्याने तिला सांभाळलं होतं. या वेळी तो अंगाशी आला.

छाती अशी हुळहुळी झाली की सुरक्षेचा पट्टा करकचून आवळला की डोळ्यांत पाणी यायचं. पोट फुगल्यामुळे बक्कल नेहमीच्या भोकात बसेना. सामानाच्या खोलीतून मोठा पट्टा मागता आला असता, पण मग का म्हणून विचारलं असतं. त्यापेक्षा ती श्वास रोखून जुनंच भोक गाठायची. आणि वर गेलं की कॅबिन झुलायची, पोटात ढवळायचं, पापण्या जड व्हायच्या.

नेमक्या त्याच दिवसांत पुलाचं काम आलं. नदीवर दोन लांबलचक पोलादी तुळया चढवायच्या होत्या. अशी मोठी उचल कंपनी नेहमी पैलवानाला द्यायची. पैलवान म्हणजे शेजारच्या क्रेनवरचा चालक, मनगटाने जाड आणि तोंडाने त्याहून जाड. यंदा पहिल्यांदा ती घारीच्या वाट्याला आली होती. त्यासाठी तिने किती वर्षं गटाराचे पाइप आणि विटांचे ढीग मुकाट्याने उचलले होते, ते तिलाच ठाऊक.

प्रत्येक उचलीआधी खालून खुणा करणारा म्हातारा वॉकी-टॉकीवर तीन गोष्टी विचारायचा. त्याला सगळे शिट्टी म्हणत. "वारा? दोर? माणूस?" माणूस म्हणजे कॅबिनमधला. पहिल्या दोन्हींची उत्तरं नीट बघून दिली जात. तिसऱ्याचं उत्तर सवयीने यायचं: ठीक. पैलवानाने एकदा मोडक्या बोटानिशी "ठीक" म्हटलं होतं आणि त्याचा पोवाडा पुढे वर्षभर ऐकवला होता.

उचलीच्या सकाळी घारीने वाऱ्याचा आकडा वाचला, आणि लगेच पुन्हा वाचला, कारण तो डोक्यात राहिलाच नव्हता.

"वारा?"

"ठीक."

"दोर?" खालून दोर बांधणारे दोघं ओरडले, ठीक.

"माणूस?"

घारीने बटण दाबलं. खाली साहेब, फिटर, पुलाच्या टोकावर वाट बघणारी माणसं, सगळ्यांच्या कानाशी तिचा आवाज जाणार होता. मोटर तापलीय, एवढं म्हटलं तरी सुटका होती. खोटं अगदी जिभेवर आलं होतं. पण निर्दोष मशीनवर आळ घ्यायला तिची जीभ वळेना.

"ठीक नाही," ती म्हणाली. "मशीन ठणठणीत आहे, मी नाही. पाळी गेल्यावरची औषधं सुरू केलीत, त्याने मळमळतंय, गुंगी येतेय. आज मी उचलणार नाही."

मग शिट्टी म्हणाला, "बरं. खाली ये. सावकाश."

डोळ्यांवर झापड होती, म्हणून ती एकेक पायरी पायाने चाचपत उतरली. पैलवान वर गेला आणि त्याने तुळई झकास ठेवली. ते घारीलाही कबूल करावं लागलं.

साहेब म्हणाले, "बाई, मग दुसरीही त्यालाच देऊ."

"दुसरी घारच उचलेल," शिट्टी म्हणाला. "ती बरी झाली की."

"हे तुम्ही ठरवणार?"

"साहेब, खाली मी उभा असतो. जी ठीक नाही म्हणू शकते, तिच्या ठीकवर माझा भरवसा बसतो. बाकीच्यांच्या ठीकवर मी आजवर नुसता नशिबाने वाचलोय."

साहेबांनी डोक्यावरची टोपी उगाच नीट केली. "डॉक्टरांची चिठ्ठी आणा," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "रात्रीची गोळी झोप आणते, बाई. म्हणून तर ती रात्रीची. आणि रिकाम्या पोटी घेतल्यावर मळमळणार नाही तर काय? तुम्ही क्रेनचे दांडे असे अंदाजाने फिरवता का?"

घारीला हसू आलं. मग गोळ्या आपापल्या वेळी, खाऊन झाल्यावर. गुंगी पूर्ण उतरेपर्यंत वर चढायला बंदी, तसं साहेबांच्या चिठ्ठीतही लिहून दिलं. मळमळ गेली, झोप परतली, नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. छाती आणि पोट मात्र हट्टाला पेटले होते. घार सामानाच्या खोलीत गेली.

"एक माप मोठा पट्टा द्या."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. छाती दुखते आणि पोट फुगलंय."

सामानवाल्याने स्वतःच्या बुटांकडे बघत पट्टा काढून दिला.

दुसऱ्या तुळईच्या दिवशी सगळे जमले. पैलवानही मुद्दाम थांबला होता.

"माणूस?" शिट्टीने विचारलं.

"छाती दुखतेय, पण पट्टा नवा आहे, काचत नाही. पोट फुगलेलंच आहे. झोप पुरी झालीय, डोकं स्वच्छ. ठीक."

"बरं. उचल."

तुळई जमिनीवरून सुटली. घारीचे हात तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसे हळू चालत होते. शिट्टीचा तळहात वळला की तुळई वळायची, मूठ मिटली की थांबायची. नदीवर वाऱ्याने तिला जरा हलवलं, घारीने ती शांत होऊ दिली, घाई केली नाही. मग भोकासमोर भोक आलं आणि फिटरांनी बोल्ट नुसत्या हाताने आत सरकवले. हातोडा कुणी उचललाच नाही. घारीचा ऊर अभिमानाने भरून आला. दुखतही होता, पण तिने त्याला भरू दिलं. ही तुळई आपण ठेवली, ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती आपल्या कॅबिनमध्ये बसली होती. वॉकी-टॉकीवर शेजारच्या क्रेनचे प्रश्न ऐकू आले. वारा ठीक. दोर ठीक.

"माणूस?"

सवयीचं "ठीक" आलं नाही. शिट्टी थांबला.

"मान आखडलीय," पैलवानाचा आवाज आला, एरवीपेक्षा बराच लहान. "उजवीकडे वळत नाही, खाली वाकत नाही. ठीक नाही."

"बरं. खाली ये."

कुणी हसलं नाही. घारीने काचेतून पाहिलं. पैलवान कॅबिनचं दार उघडून शिडीच्या तोंडाशी अडखळला होता. त्याला मान वाकवून खाली बघता येत नव्हतं.

तिने बटण दाबलं. "पैलवान, खाली बघू नकोस. पायरी पायाने चाचपत ये. मी तशीच उतरले होते."