यादीबाहेरचा पाळणा

विमान पोटावर उतरलं त्याला तीन दिवस झाले. आतली एकोणीसच्या एकोणीस माणसं वाचली आणि चौकशी अधिकाऱ्याची मोठी पंचाईत झाली. एखादा गेला असता तर त्याच्या माथ्यावर खापर फोडून फाइल मिटवता आली असती. आता सगळेच उत्तरं द्यायला हजर.

त्यात गाठोबाही होता. लष्कराच्या मालवाहू विमानात सामान चढवायचं, यादीत लिहायचं, पट्ट्यांनी आवळायचं, हे त्याचं काम. सव्वीस वर्षांत त्याची एक गाठ आपसूक सुटली नव्हती, म्हणून हे नाव. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

जो भेटेल तो पाठीवर थाप मारून म्हणे, "वाचलास लेका!"

"हो ना," गाठोबा म्हणे. शेवटची बस मिळाल्यासारखा.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला, गाठोबा नाही. चहा गोड की अगोड तेही कळत नव्हतं. कप रिकामा दिसला की प्यायलो असू, असं धरून चालायचा.

बायकोचा फोन आला. "जेवलात?"

"जेवलो."

"खरंच बरे आहात ना?"

"बरा आहे."

तिने आवाज खाली केला. "आणि पाळणा?"

"तोही बरा आहे."

घोळ तिथेच होता. लेकीचे दिवस भरत आले होते. परगावच्या सुताराकडून त्याने चौकटीचा, शिसवी पाळणा करून घेतला आणि यादीत न लिहिता विमानात मागे ठेवला. यादीबाहेर काही चढलं तर नोकरी जाते, हे नव्या पोरांना पहिल्या दिवशी तोच शिकवी. चाकं यंत्राच्या दोषाने अडकली होती, चौदा किलोंच्या पाळण्याने नव्हे. मेकॅनिकने यंत्राचा दोष लिहूनही दिला होता. पण नियम तो नियम. सरकारी पट्टे मोजलेले, म्हणून पाळणा हलू नये यासाठी त्याच्याच चौकटीशी साध्या सुती दोरीने बांधला होता. विमान धावपट्टीवर घासत गेलं, खिडकीबाहेर ठिणग्या उडाल्या, तेव्हा गाठोबा त्या गाठीकडे बघत बसला होता. त्यानंतर त्याला काही म्हणजे काही वाटलेलं नव्हतं.

हँगरमध्ये सगळं सामान मांडलं होतं. अधिकारी यादी वाचत गेला, खुणा होत गेल्या. शेवटी पाळणा उरला.

"हे कुणाचं?"

सगळ्यांची नजर गाठीवर गेली. दोरीवर दुहेरी पीळ आणि वर उलटा फास होता. तशी गाठ मारणारा अख्ख्या तळावर एकच माणूस, हे अधिकारी सोडून प्रत्येकाला ठाऊक होतं.

विमानाच्या कॅप्टनने पाळणा नीट न्याहाळला. "पहिल्यांदाच बघतोय."

"विमानाचा भाग नाही, साहेब," मेकॅनिक गंभीरपणे म्हणाला. "माझ्या पुस्तकात असला कुठलाच सुटा भाग नाही."

"मग आला कसा?"

"धक्का जबरदस्त होता, साहेब," रेडिओवाला म्हणाला.

अधिकारी गाठोबाकडे वळला. "तुम्ही चढवलंत सामान. तुम्हाला माहीत असेल."

गाठोबाने तोंड उघडलं. कॅप्टनने त्याच्या पायावर बूट ठेवला आणि दाबला. पायाला काही कळलं नाही, पण अर्थ कळला. गाठोबाने तोंड मिटलं. गप्प राहणं जड नव्हतं. तीन दिवस तेच तर चाललं होतं.

"बेवारस," अधिकाऱ्याने लिहिलं. "दोरी कापा, फळ्या उचकटून आत काही दडवलंय का बघा, आणि जाळून टाका."

शिपाई सुरी घेऊन वाकला. पातं दोरीला टेकलं.

"कापू नका," गाठोबा म्हणाला. "ती सुटते."

कॅप्टनने डोळे मिटले.

गाठोबा पुढे गेला. एक टोक ओढलं, आणि सव्वीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं ते सगळ्यांदेखत घडलं: त्याची गाठ एका ओढीत सुटली. दोरी गळून पडली. मोकळा पाळणा दोनदा हलला, करकरला. गाठोबाने हात ठेवून तो थांबवला. लाकूड गार लागलं.

"म्हणजे तुम्ही आणलात?"

"मीच."

"नोकरी जाईल तुमची."

"हो ना."

अधिकाऱ्याने 'बेवारस' खोडलं. "मालक कोण लिहू? तुम्ही?"

"मी नुसता आणणारा. मालक अजून जन्मायचाय, साहेब."

अधिकाऱ्याने फॉर्मवर बोट ठेवलं. "इथे मालकाची सही लागते."

"मग थांबावं लागेल," गाठोबा म्हणाला. त्याने हात अजून पाळण्यावरून काढला नव्हता.