गावाखालची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुनी कांडी आहे. उसाची नव्हे, दगडाची. लातूर जिल्ह्यात कांडी म्हटलं की आधी तोंडाला पाणी सुटतं, म्हणून हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. मला चावायला जाल तर दात जातील. वीतभर लांब, मनगटाएवढी जाड, अंगाने काळी आणि एका टोकाला लाल, अशी मी उदगीरच्या एका गोदामात पत्र्याच्या पेटीत राहते. गोदाम आधी तुरीचं होतं. अजूनही उन्हं तापली की तुरीचा वास येतो.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन उकलली आणि खालून वितळलेला दगड वर आला. तो गर्जना करत उसळला नाही. दूध उतू जावं तसा पसरत गेला, कोसचे कोस. त्याच्या वाटेत ओली माती होती. तापलेला लोट अंगावरून गेला आणि ती माती भट्टीतल्या विटेसारखी भाजून लाल झाली. तिच्यातलं पाणी वाफ होऊन वर धावलं आणि वरच्या रसात बारीक नळ्या पाडत गेलं. रस थिजला, नळ्या तशाच राहिल्या. पुढे त्यांत पांढरे खडे भरले. माझ्या अंगावर पाहा, लाल टोकापासून निघून काळ्यात चढत गेलेल्या त्या पांढऱ्या शिरा. लाल माती जिथे संपते आणि काळा दगड जिथे सुरू होतो, त्या सांध्यावरची मी.

मग अंधार. पण त्याला अंधार तरी कसं म्हणू? उजेड कधी पाहिलाच नव्हता. माझ्या डोक्यावर आणखी थर चढले, झिजले, काळी माती झाली, ज्वारी आली, गाव आलं. मला पत्ता नव्हता. वरून बैल चालत गेले असतील, वराती गेल्या असतील. एकदा मात्र सगळंच हललं होतं. ते मलाही कळलं.

आणि मग एके दिवशी वरून घरघर आली. हिऱ्याचे कण बसवलेली एक पोकळ नळी गोल फिरत माझ्याभोवती उतरली, मला शेजाऱ्यांपासून सोडवून वर घेऊन गेली. नळीतून बाहेर पडले आणि डोळे नसूनही मी दिपले. आभाळ! एवढं मोठं काही असू शकतं आणि त्याला वजनच नाही, याचं नवल माझं अजून ओसरलेलं नाही.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते अण्णारावांनी. उदगीरच्या पलीकडल्या एका खेड्यातले शेतकरी. गावाच्या माळाखाली साठवण तलाव व्हायचा होता. होळी झाली की ज्या गावात टँकरची वाट पाहतात, त्या गावाला तलाव म्हणजे काय, हे मी सांगायला नको. तलावाच्या जागी भोकं पाडून जमीन तपासायचं काम चाललं होतं आणि अण्णाराव रोजाने मशीनवर आले होते. त्यांनी मला धुतलं, अंगठ्याने माझं लाल टोक चोळलं.

"आयला, हितं खाली वीट कुनी भाजली?" ते म्हणाले.

मशीनवाल्याने त्यांना एवढंच सांगितलं होतं की कांड्या वरपासून खालपर्यंत ओळीने पेटीत मांडायच्या. त्यांनी मांडल्या. अगदी प्रेमाने, एकीला एक लावून. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे. मग ओळ संपली तिथून खालची ओळ उजवीकडून डावीकडे. पुढची पुन्हा डावीकडून. जन्मभर त्यांनी नांगर असाच हाकला होता. तासाच्या टोकाला बैल वळतात आणि तिथूनच दुसरं तास धरतात. रिकामे परत येऊन पहिल्या टोकापासून कोण नांगरतं?

मी दुसऱ्या ओळीत होते.

मशीनवरच्या माणसाने किती खोलीवर कोणता दगड त्याचा कागद भरला, तो मात्र पुस्तक वाचावं तसा. प्रत्येक ओळ डावीकडून. तिथे कुणाला काही खटकलं नाही. पेट्या ट्रकमध्ये चढल्या आणि आम्ही गोदामात आलो.

गोदामाच्या दारापाशी टेबल टाकून उज्वला बसायची. मुरुडच्या शिक्षकाची मुलगी, नांदेडला दगडांचं शिकलेली. सगळ्या भोकांची माहिती एकत्र आणायचं काम तिचं. भोकाचं तोंड कुठे आहे, ते किती उंचीवर आहे, भोक कुठल्या दिशेने किती कलून गेलं, किती खोलीपासून किती खोलीपर्यंत कोणता दगड. हे सगळं वेगवेगळ्या तक्त्यांतून येतं आणि संगणक ते एकमेकांत गुंफून जमिनीच्या पोटाचं चित्र काढतो. पहिल्या दिवशी तर खाली दाखवणारी उणे खूण द्यायची राहिली आणि सगळी भोकं विजेच्या खांबांसारखी आभाळात उभी राहिली. उज्वला एकटीच पोट धरून हसली. मग तिने खूण घातली आणि खांब उलटे होऊन जमिनीत शिरले.

तेव्हा मी ते पाहिलं. माझ्या रॅकवरून, पेटीच्या झाकणाच्या फटीतून, पडदा दिसायचा. तिने बोटाने चित्र फिरवलं, माळ पारदर्शक झाला आणि खाली लाल चादर दिसली, इकडून तिकडे पसरलेली. ती आम्ही होतो! कोट्यवधी वर्षं जिचा मी वीतभर तुकडा होते, ती अख्खी चादर मी बाहेरून पाहत होते. पाण्याच्या थेंबाला कुणी आभाळात नेऊन समुद्र दाखवावा, तसं झालं.

पण चादरीच्या मधोमध काही भोकांपाशी ती तुटली होती. एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली. पायरीसारखी.

तलावाचे इंजिनिअर राघवेंद्र साहेब आले. पडद्याशी वाकून त्यांनी तुटलेल्या जागी बोट ठेवलं.

"उज्वला, ही पायरी काय आहे?"

"मीटर-दीड मीटरच आहे सर. उभी मापं ताणून दाखवलीत म्हणून कडा वाटतोय."

"मीटर असू दे नाहीतर वीत. जमीन सरकलीय असाच अर्थ होतो ना? भेग?"

"दिसतंय तरी तसंच."

"हा लातूर जिल्हा आहे, बाई. भिंतीच्या रेषेखाली भेग, असं अहवालात लिहिलं की तलाव संपला. आणि असेल तर लिहावंच लागणार." साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. "सोमवारी अहवाल पाठवायचाय. खात्री करून घे."

ही बातमी गावात पोचायला अहवाल लागला नाही. साहेबांचा ड्रायव्हर पुरला. दुसऱ्याच दिवशी अण्णाराव गोदामात आले आणि त्यांच्या मागे साखराबाई, त्यांच्या घरच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात साखराबाईंची आई माहेरच्या घराखाली गेली होती. तेव्हापासून साखराबाई उन्हाळा असो की थंडी, छताखाली झोपत नाहीत. अंगणात बाज टाकतात.

"ताई," अण्णाराव म्हणाले, "गावाखाली जमीन फाटलीय म्हनायलेत. खरं हाय का?"

"गावाखाली नाही काका. तलावाच्या जागी. आणि ते पण अजून..."

"म्या म्हनलं राहू दे, तर ही ऐकंना. मला बघायचंय म्हनती."

"बघू द्या की," साखराबाई म्हणाल्या. "तीस वर्सं नुसतं भेऊन ऱ्हायले. कशाला भेते, ते एकदा डोळ्यानं तरी बघू द्या."

उज्वलाने खुर्ची दिली. साखराबाई बसल्या नाहीत. उभ्यानेच पदर तोंडाशी धरून त्यांनी ती पायरी पाहिली आणि एवढंच विचारलं, "हे असं कोन बघून आलं खाली?"

मित्रांनो, सगळी शास्त्रं एका बाजूला आणि हा प्रश्न एका बाजूला.

"खाली कोणी गेलं नाही काकू. खालचे दगड वर आलेत. त्यांच्यावरून."

"मग ते तरी दाव."

उज्वला उठली. एवढे दिवस ती आमच्यापासून चार हातांवर बसत होती, पण पेटी उघडायची वेळ आली नव्हती; कागद भरून आलेले होते आणि शंभर कामं होती. पायरीपाशी असलेल्या भोकाची पेटी तिने ओढली, झाकण उघडलं आणि लाल दिसली म्हणून मलाच उचललं. साखराबाईंच्या हातावर ठेवत ती वाचल्यासारखी बोलत होती, "ही बघा, वर लाल माती, तिच्या खाली काळा दगड..."

बोलता बोलता ती थांबली. मला परत घेतलं. उजेडात धरलं. माझ्या पांढऱ्या शिरांवरून तिचं नख फिरत गेलं, लालापासून काळ्याकडे.

"काकू, चुलीवर पातेलं ठेवलं तर वाफ कुणीकडे जाते?"

"वरी. आनिक कुठं जाती?"

"मग ही वाफ खाली कशी गेली?"

तिने मला उलटं केलं. लाल टोक खाली, काळं वर. त्या क्षणी मी पुन्हा माझ्या जागेवर होते. बोलता आलं असतं तर ओरडले असते.

"काका, ही पेटी कुणी मांडली?"

"म्याच. का? काय चुकलं का?" अण्णारावांचा चेहरा उतरला.

"चुकलं नाही. कशी मांडली, तेवढं सांगा."

अण्णारावांनी बोट फिरवून दाखवलं. इकडून तिकडे, वळण, तिकडून इकडे.

"अगं माय!" साखराबाई म्हणाल्या. "यांनी दगडं पेरलीत!"

उज्वला एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. "काका, तुमची रीत बरोबर आहे. आमची पण बरोबर आहे. फक्त आम्ही एकमेकांना विचारलं नाही."

मग तिघांनी मिळून पेट्या उघडल्या. जिथे जिथे अण्णारावांचा हात लागला होता, तिथे तिथे एकाआड एक ओळ उलटी निघाली, आणि त्या ओळीत आलेली लाल माती कागदावर मीटरभर वर-खाली सरकलेली. उज्वला तक्त्यात ओळी फिरवत गेली. अण्णाराव मापपट्टी धरून होते. शेवटी तिने बटण दाबलं.

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग लाल चादर आली. अजिबात न तुटलेली. एका बाजूला किंचित उतरती, वाळत घातलेल्या लुगड्यासारखी, माळाखालून तलावाच्या जागेकडे आणि तिच्याही पलीकडे.

मी माझं नवल सावरत होते.

"अख्खं हाय की हो," साखराबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी पडद्याला बोट लावलं नाही. हात जोडले.

उज्वलाला ते पाहवलं नसावं. "काकू, खरं सांगते. भूकंप येणारच नाही, असं ही रेघ सांगत नाही. तलावाच्या भिंतीखाली जमीन तुटलेली नाही, एवढंच सांगते."

"तेवढंच पुरं, पोरी. जेवढं ठावं हाय तेवढंच सांगितलंस."

सोमवारी अहवाल गेला, भेगेविना. तलावाची भिंत आता उभी राहते आहे. साहेब उज्वलाला म्हणाले, "छान झालं. सगळं संगणकात आलंच आहे, आता हे दगड टाकून द्या. गोदामाचं भाडं फुकट जातंय."

"सर, संगणक चुकला तेव्हा आपण कुणाला विचारलं?" उज्वलाने विचारलं.

भाडं चालू आहे.

मित्रांनो, देशात माझ्यासारख्या कितीतरी कांड्या गंजक्या पेट्यांत पडल्या आहेत. झाकणं उडालेली, नंबर पुसलेले, कोण कुठली ते सांगायला कुणी नाही. आम्हाला फेकू नका. पडद्यावर एखादी रेघ फार देखणी दिसली, तर उठून एकदा दगड हातात घ्या. आणि तो पेटीत ज्याने ठेवला, त्याला विचारायला लाजू नका.

नव्या भोकांवर आता अण्णाराव कांडी धुतली की आधी तिच्यावर लाल रंगाने बाण काढतात, टोक खालच्या बाजूला. जुन्यांवरही त्यांनी काढले. माझ्यावरचा जरा वाकडा आहे, कारण तो साखराबाईंनी काढला. मी पेटीत आडवी पडलेली असते, पण माझं घर कुठल्या दिशेला आहे ते आता कुणालाही वाचता येतं.