दारातला वड

घोडपदेवच्या श्री रवळनाथ सोसायटीत झाडांवर कुणाचं प्रेम होतं असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप. गाड्यांना सावली मिळते एवढ्यापुरतं अंगणातल्या गुलमोहराचं कौतुक. त्याच्या बुंध्याला आवळून पेव्हर ब्लॉक बसवले, मुळांना हलायला जागा ठेवली नाही. एका जुलैत तो मुळासकट उपटला आणि खाली बाकावर बसलेल्या दौलत परबांच्या अंगावर आला. चांगला हिंडताफिरता माणूस जागच्या जागी गेला.

दौलतची एक तक्रार मात्र बायकोच्या, सुभद्राच्या, कानात राहिली. "ह्या परदेशी झाडार कावळो सोडून एक पाखरू बसना नाय," तो चहा पिताना म्हणायचा. गावी कुडाळला घरामागच्या वडावर फळं पिकली की पाखरांचा नुसता गलका असे. सुभद्राने मनाशी धरलं, नवरा गेला तिथे वडच लावायचा, पाखरं बोलावणारा. निदान त्या जागेकडे बघवेल तरी.

कमिटीला हवे होते बाटलीसारख्या बुंध्याचे पाम, दुबईछाप. सेक्रेटरी निलेश म्हणाला, "काकू, पक्षी आले की गाड्यांवर घाण करणार ना." पाखरांच्या नावाने मीटिंगमध्ये एक हात वर होईना. तेव्हा सुभद्राने वेगळीच सोंगटी सरकवली. "दर वटपौर्णिमेला दादरहून फांद्या विकत आणता. दारातच वड असला तर ती कटकट कशाला?" बायकांचे हात भराभर वर गेले. अशी युक्ती आपल्याला कधी सुचली नव्हती, असं वाटून सुभद्रा स्वतःवरच खूश झाली.

तीन पावसाळ्यांत वड पुरुषभर उंची ओलांडून गेला. तिने त्याच्याभोवतीचे ब्लॉक भांडून उखडायला लावले होते, उन्हाळाभर बादल्या वाहून पाणी घातलं होतं. फळं धरायला अजून वर्षं होती. पण ह्या वैशाखात अंगठ्याएवढा एक शिंपी पक्षी, शेपटी उभारून मिरवणारा, झाडावर येऊ लागला. त्याच्या मादीने दोन पानं कापसाच्या धाग्याने एकमेकांना शिवली आणि आत घरटं केलं. सुभद्राने कुणाला चकार शब्द सांगितला नाही. पोरं काठ्या घालतील ही भीती. पिल्लं झाली त्या दिवशी ती दौलतच्या फोटोपुढे उभी राहून म्हणाली, "इला हो एक पाखरू."

वटपौर्णिमेला सकाळी तिने झाडाला पाणी घातलं आणि बायका तबकं घेऊन उतरायच्या आत घरी निघून आली. विधवेला जा म्हणून सांगावं लागत नाही, ती आपली आपणच बाजूला होते. बायका फेरे घालतील, दोरा गुंडाळतील, जातील. तिला काळजी वाटली नाही.

पण अर्ध्या बायकांना ऑफिसची घाई, उतरायला वेळ कुणाला? निलेशने वॉचमनला कोयता दिला आणि घरोघर एकेक फांदी लिफ्टने पोचवली. ग्रुपवर त्याच्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला.

सुभद्रा देवघरापाशी आली तेव्हा सून अक्षता पाटावरच्या फांदीला दोऱ्याचा सातवा वेढा घालत होती. वेढ्यांखाली दोन शिवलेली पानं करकचून दाबली गेली होती. आतून बारीक चिवचिव येत होती.

"अक्षता, थांब गो. त्या पानांत पिल्लां आसत."

अक्षताने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ही पोरगी पूर्वी उपासबिपास कधी करत नव्हती. सासरे असे बसल्या जागी गेले, तेव्हापासून नवरा वैभव बाइकवरून घरी येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसे. तिचा हा उपास त्या भीतीचा होता.

"आई, मला खरंच दिसलं नाही हो." तिने दोऱ्याला हात लावला. "तोडू का? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते."

सुभद्राने दोऱ्याकडे पाहिलं. वैभवच्या नावाचा दोरा. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास होता असंही नाही. नवऱ्यासाठी तिने किती वर्षं हेच दोरे गुंडाळले, आणि नवरा गेला तो झाडाखालीच. पण पोराची हेल्मेट घातलेली पाठ डोळ्यांपुढे आली आणि तिचं सगळं बळ गेलं.

"नको," ती म्हणाली.

अक्षता पाया पडली. "अखंड सौभाग्यवती हो," सुभद्रा म्हणाली. आरती संपली तेव्हा पानांतून आवाज येत नव्हता.

ती खाली गेली. वडाचा नुसता सोट उरला होता आणि जागोजागच्या घावांतून पांढरा चीक गळत होता. चोचीत हिरवी अळी धरून शिंपीण एका घावावरून दुसऱ्यावर उड्या मारत होती.

"काकू, तुमची आयडिया एकदम हिट!" निलेश गेटपाशी हसत उभा होता. "पण फांद्या कमी पडल्या हो. पुढच्या वर्षाला अजून दोन वड लावू."

त्याच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं. पण आयडिया तिचीच होती, आणि नको म्हणणारी जीभही तिचीच. ती त्या बाकावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. अळी चोचीतच होती, आणि पाखरू अजून हाका मारत होतं.