एका बैठकीत सहा थांबे

आषाढी एकादशीला सुहासिनीमावशींनी देवापुढे हात जोडून नेम धरला, तेव्हा त्यात सायकलचा विषय कुठेच नव्हता. नेम साधाच होता. चातुर्मास संपेपर्यंत दिवसातून एकदाच जेवायचं, एकाच आसनावर बसून. आणि पहिला घास तोंडात गेल्यापासून आसन सोडेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. आसनावरून उठलं की त्या दिवसाचं जेवण संपलं.

मावशींना नेमांचं काही नवं नव्हतं. सोमवार, गुरुवार, संकष्टी हे तर घरच्या पाहुण्यांसारखे येऊन जाऊन असत. हा नेम मात्र त्यांनी भाचीसाठी धरला होता. पूर्वाने हडपसरची चांगली संगणकाची नोकरी सोडून ‘चाक आणि चव’ काढलं होतं. पाहुण्यांना सायकलवरून पेठा दाखवायच्या आणि सहा ठिकाणी खाऊ घालायचं. पाहुणे आणून देणारी एक मोठी पर्यटन कंपनी तिला कामं द्यायला तयार होती, पण आधी चाचणी. जमलं तर वर्षभराची ददात मिटली. नाही जमलं तर सोमवारपासून पुन्हा हडपसर. तसा तिने जुन्या साहेबांना शब्दच देऊन ठेवला होता.

चाचणी चातुर्मासातल्या शेवटच्या रविवारी होती. पहाटे पाचला पूर्वाचा फोन आला.

“मावशी, सहावी पाहुणी तापाने आडवी झालीय. सहा माणसं पाहिजेतच. तू नुसती आकडा भरायला ये. सायकल येते ना तुला?”

“शाळेत येत होती,” मावशी म्हणाल्या. “पण माझं जेवण दुपारी असतं, ठाऊक आहे ना?”

“खाऊ नकोस गं. नुसती चालव.”

मावशींनी पूजा आटोपली, पूर्वाचाच एक जुना सलवार-कुडता चढवला आणि साडेसहाला शनिवारवाड्यापाशी हजर झाल्या. तापाने आडवी झालेली मुलगी चांगलीच उंच असावी. तिच्यासाठी आणलेल्या सायकलची सीट मावशींच्या कमरेच्या वर होती आणि तिचा बोल्ट जाम झाला होता. शेवटी त्यांना एका पायरीवरून सायकलवर बसवलं. एकदा चाक फिरू लागल्यावर पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं सगळं पायांना आपोआप आठवलं. थांबायचं कसं, एवढंच आठवेना, कारण पाय जमिनीला पोचत नव्हते.

“थांबायचं असेल तेव्हा सांगा, मी धरतो,” बाबुराव म्हणाले. हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. स्वतःची काळी सायकल घेऊन आले होते आणि दुसऱ्या सायकलींना सायकल मानत नव्हते. बाकी नागपूरचं एक जोडपं होतं, खराडीच्या दोन मैत्रिणी होत्या. आणि कंपनीकडून आलेला परीक्षक, फैझल. सडपातळ, नम्र मुलगा. गळ्यात फळी, फळीवर कागद.

पहिला थांबा दगडूशेठच्या देवळापासून दोन गल्ल्या पुढे होता. देवळासमोर फैझलने सगळ्यांना थांबवून कागद दाखवला.

“सहा पाहुणे, सहा थांबे, छत्तीस चौकटी. प्रत्येकाने प्रत्येक थांब्यावर सायकलने पोचायचं आणि चव घ्यायची. एक चौकट रिकामी राहिली तरी चाचणी बाद. शेवटी प्रत्येकाचा एक अभिप्राय, तोंडी. आणि मला विचारू नका, मला खायला परवानगी नाही.”

“खाण्याच्या फेरीवर?” बाबुरावांनी विचारलं.

“परीक्षकाने चव घेतली तर तो निःपक्षपाती राहत नाही, असं कंपनीचं मत आहे.”

पूर्वाचा चेहरा उतरला. तिने मावशींकडे पाहिलं. मावशींनी मनात हिशेब केला. सहाव्या थांब्यावर थाळी होती, तिथे जेवता येईल. म्हणजे पाच चौकटी रिकाम्या. या मुलीसाठी धरलेला नेम मोडायचा तरी पंचाईत, पाळायचा तरी पंचाईत. देवाने असा पेच का टाकावा, असं त्या देवाकडेच बघत विचारत होत्या. बाबुरावांनी मागून सायकल धरली होती. तेवढ्यात देवळातून बाहेर पडलेली एक बाई, ओळख ना पाळख, समोर आली आणि त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून पुढे गेली.

प्रसाद नाकारायचा नसतो. मावशींनी डोळे मिटून तो तोंडात टाकला, आणि चावता चावता थबकल्या. घास तोंडात गेला होता. म्हणजे जेवण सुरू झालं होतं. आणि त्या बसल्या होत्या सायकलच्या सीटवर.

आसन हललं तर चालतं की नाही, हे कुठल्याच पोथीत दिलेलं नव्हतं. आसन सोडू नये, एवढंच होतं. आगगाडीत बसून माणसं जेवतातच की. मावशींना एकदम हलकं वाटलं. त्यांनी पूर्वाकडे बघून सीटवर दोनदा थोपटलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हात पुढे केला: चल.

पूर्वा लहानपणापासून मावशींचे नेम बघत आली होती. तिला अर्ध्या मिनिटात उमगलं. सगळ्यांना समजावून सांगायला पाच मिनिटं लागली.

“म्हणजे शेवटपर्यंत उतरणार नाहीत?” नागपूरच्या बाईंनी विचारलं.

“उतरल्या तर जेवण संपलं,” पूर्वा म्हणाली.

“आणि बोलणार पण नाहीत?”

“असा नेम घरात दुसऱ्या कुणाला लावून देता येतो का?” नागपूरच्या नवऱ्याने चौकशी केली.

बाबुराव गंभीर झाले. “आम्ही बौद्ध. उपोसथाच्या व्रताला माझी आई दुपारी बारानंतर घास घेत नसे. घड्याळ मी बघायचो. नियम म्हणजे नियम. बाई, तुम्ही निर्धास्त बसा.”

पोह्यांच्या गाडीवर संभाजी नावाचा माणूस होता. पूर्वाने एक प्लेट बिनकांद्याची सांगितली.

“बाई खाली उतरतील ना?”

“नाही.”

“आमच्याकडे गिऱ्हाईक गाडीपाशी येतं. पोहे चालत जात नाहीत,” संभाजी म्हणाला, आणि प्लेट घेऊन चालत आला.

मावशींनी पहिला चमचा घेतला. पोह्यांत मीठ नव्हतं. कमी नव्हे, अजिबात नव्हतं. बाकीचे भिडेखातर माना डोलावत खात होते, पूर्वा पुढच्या थांब्याच्या फोनात गुंतली होती, आणि ज्याला सांगावं त्या परीक्षकाला चव घ्यायची बंदी. मावशींच्या जिभेवर ते वाक्य आलं आणि तिथेच बसून राहिलं. सहा चौकटी भरल्या.

दुसऱ्या थांब्यावर चहा झाला, तिसऱ्यावर जिलबी. मधे एका गतिरोधकावर मावशी उडाल्या. फैझलने लगेच सायकल थांबवली.

“आसन सुटलं का?”

“दोन बोटं उठल्या,” बाबुराव म्हणाले. “पण कुडता टेकलेला होता. मी मागेच होतो.”

“तुम्ही लेखी द्याल?”

बाबुरावांनी लेखी दिलं. पुढच्या प्रत्येक गतिरोधकाआधी ते मोठ्याने “आला” म्हणत आणि मावशी हँडल घट्ट धरून सीटवर भार देत. मनात नामस्मरण चालूच होतं.

मंडईजवळ पूर्वा डावीकडे वळली. उजवीकडे वळायला हवं होतं. मावशी याच गल्ल्यांतून शाळेत गेलेल्या. त्यांनी उजवा हात लांब केला. मागच्या रिक्षावाल्याला वाटलं बाई त्यालाच वाट दाखवताहेत, म्हणून तो उजवीकडे गेला. सायकली मात्र एकेरी रस्त्यांतून फिरून तीन वेळा त्याच चौकात आल्या. तिसऱ्या वेळी तिथला पेरूवाला म्हणाला, “ओळख झालीच आहे आता, तर पेरू तरी घ्या.” चौथा थांबा पेरूचाच होता, त्यामुळे ते एक जमून गेलं.

पाचव्या थांब्याकडे जाताना रविवार पेठेत मावशींच्या मागच्या चाकाने सुस्कारा टाकला आणि ते खाली बसलं.

समोरच करीमचाचांचं पंक्चरचं दुकान होतं. चाचा पाना हातात घेऊन आले. “उतरा, काकू.”

पूर्वाने आज सहाव्यांदा सगळं समजावलं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. सायकलभोवती एक फेरी मारली. मग सीटखाली वाकून पाहिलं.

“आसन म्हणजे सीट ना? अख्खी सायकल नाही?”

मावशींनी विचार केला आणि होकारार्थी मान हलवली.

“मग काकूंना सायकलवरून कशाला काढता. सायकल काकूंखालून काढू.”

जाम बोल्टवर त्यांनी तेल सोडलं, पान्याला दोन हिसके दिले. चौघांनी मावशींना सीटसकट अलगद तोललं.

“चौघांनी खांदा दिलेला बरा,” नागपूरचे म्हणाले.

“खांदा म्हणू नका,” बाबुराव म्हणाले. “हात म्हणा.”

चाचांनी खालून सायकल ओढून घेतली. दुकानात जुन्या टायरांची चळत होती. तिच्यात सीटची नळी रोवली आणि मावशी टायरांवर स्थिर झाल्या. उलट जास्तच सुखाने, कारण आता पाय टेकत होते.

पण टायरच फाटला होता. नवा आणून बसवायला तासभर तरी हवा होता. चाचांनी शेजारच्या केळीवाल्याची रिकामी हातगाडी ओढून आणली. टायर, सीट आणि मावशी, सगळं जसंच्या तसं वर चढवून दोरीने आवळलं.

“हे सायकलने पोचणं होत नाही,” फैझल अगदी अजिजीने म्हणाला. “मी काय लिहू?”

बाबुरावांनी हातगाडीच्या चाकाला चापट मारली. “चाकं कशाची आहेत? सायकलची. सीट? सायकलची. दोन चाकं जास्त आहेत असं लिहा. कमी असती तर हरकत घेता आली असती.”

फैझलने वाकून चारही चाकं मोजली. मग त्याने तसं लिहिलं.

मिरवणूक निघाली. पुढे पूर्वा, मधे केळीवाला ढकलत असलेली हातगाडी, बाजूंनी सायकली. उंचावर डोळे अर्धवट मिटून, ओठ न हलवता बसलेली बाई पाहून पुण्यात कुणी काही विचारत नाही. लोक रस्ता सोडतात. एका फुलवालीने शेवंतीचा हार आणून गाडीला अडकवला. एका दुकानदाराने पायरीवरूनच हात जोडले आणि बाबुरावांना विचारलं, “कसली मिरवणूक?”

“चाचणी आहे.”

“असं होय,” तो म्हणाला आणि चपला घालून मागून चालू लागला.

मावशींना फार अवघडल्यासारखं झालं. लोक आपल्याला नमस्कार करताहेत हे बरं नव्हे. त्यांनी येणारा प्रत्येक नमस्कार मनातल्या मनात दगडूशेठकडे पाठवून दिला. पाचव्या थांब्यावर मस्तानीचा पेला वर पोचवण्यात आला. तो त्यांनी संपवला. तीस चौकटी.

सदाशिव पेठेतल्या खाणावळीत शिरताना मागे वीसेक माणसं जमली होती. मालकीणबाईंनी टायरांची चळत टेबलापाशी रोवली जाताना पाहिली.

“इथे खुर्च्या आहेत.”

“त्यांनी त्यांची आणलीय,” पूर्वा म्हणाली.

“मग आमच्या खुर्चीवर पिशव्या ठेवू नका.”

मावशी टेबलापेक्षा हातभर उंच झाल्या होत्या. थाळी दोन उलट्या डब्यांवर ठेवावी लागली. वरण-भात, अळूची भाजी, पुरी, श्रीखंड. इथे मात्र मीठ बरोबर होतं. एकेक करून सगळ्यांचं आटपलं. छत्तीस चौकटी भरल्या. फैझलने पाच अभिप्राय लिहून घेतले. उरला फक्त मावशींचा.

“आता ऊठ, मावशी,” पूर्वा हळूच म्हणाली. “झालं सगळं. उठून बोल काहीतरी.”

मावशी उठल्या नाहीत.

पंगतीत शेवटचं माणूस जेवल्याशिवाय उठू नये, हे त्यांना आईने शिकवलं होतं, कुठल्याही नेमाच्या आधी. आणि त्यांच्या समोर, फळी गळ्यात घेऊन, एक माणूस सकाळपासून उपाशी बसला होता. त्यांनी फैझलकडे पाहिलं. मग रिकाम्या थाळीकडे. मग पुन्हा फैझलकडे.

“मला नाही चालत, मावशी,” तो म्हणाला. “नोकरीचा नियम आहे.”

मावशींनी समजल्यासारखी मान हलवली आणि बसून राहिल्या.

भिंतीवर पाटी होती: जेवण झाल्यावर बसून राहू नये. मालकीणबाईंनी ती दोनदा पुसली. मिरवणुकीतले लोक दारात ताटकळले होते. पूर्वाच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. मावशींना ते दिसत होतं आणि आत कुठेतरी तुटत होतं. पण उपाशी माणसाला समोर ठेवून उठलं, तर चार महिने ज्या देवाला साकडं घातलं, त्याला काय सांगायचं.

“तुमचा अभिप्राय नसेल तर कागद अपुरा राहतो,” फैझल म्हणाला. “अपुरा म्हणजे बाद.”

“आणि तू जेवला नाहीस तर त्या उठत नाहीत,” बाबुराव म्हणाले. “नियम दोन्हीकडे आहेत. पण पोट तुझ्याकडेच आहे.”

फैझलने कागदाकडे पाहिलं. पूर्वाकडे पाहिलं. मग पेन खिशात ठेवून हात धुवायला गेला. परत येऊन बसला तेव्हा मालकीणबाईंनी न विचारता थाळी पुढे सरकवली. पहिली पुरी त्याने घाबरत घाबरत खाल्ली. दुसरी जरा सावकाश. चौथ्या पुरीला तो म्हणाला, “दोन वर्षं मी नुसता वास घेतोय,” आणि श्रीखंडाची वाटी जवळ ओढली.

जेवण झाल्यावर त्याने छत्तीस चौकटींखाली पेनाने सदतिसावी चौकट आखली आणि तिच्यात खूण केली.

मग मावशी उठल्या. पाय बधिर झाले होते. एका बाजूने पूर्वाने धरलं, एका बाजूने बाबुरावांनी.

“बोला, मावशी,” फैझल पेन उघडून म्हणाला.

“सकाळी पोह्यांत मीठ नव्हतं,” मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या. “आणि मंडईपाशी उजवीकडे वळायचं असतं गं, पूर्वा. बाकी सगळं छान झालं.”

फैझलने शब्दन् शब्द लिहिला आणि कागदाखाली सही केली. “वळायचं तुम्ही बघा,” तो पूर्वाला म्हणाला. “मीठ पुढच्या रविवारी मी स्वतः येऊन बघतो. पहिली तुकडी तेव्हाच पाठवतोय. बारा जण आहेत.”

पूर्वाने मावशींचा हात सोडला नाही.

बाहेर घंटी वाजली. करीमचाचा नवा टायर घातलेली सायकल उभ्याने चालवत आले होते, सीट नव्हती. “काकूंचं झालं असेल तर आसन परत द्या,” ते म्हणाले.

मावशी टायरांपाशी गेल्या. रोज जेवण झाल्यावर त्या पाटाला नमस्कार करत. त्यांनी वाकून सीटला नमस्कार केला, हारातून गळून टायरांवर पडलेलं शेवंतीचं एक फूल उचलून केसांत खोचलं, आणि सीट चाचांच्या हातात दिली.