होड्यांच्या शर्यतीचं नाणं

या, जरा जवळ सरून बसा. देवाचं नाव घेऊन एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. पण सुरुवात करावी लागेल ती त्याच्यावर जळणाऱ्यापासून.

एक घड्याळजी होता. क्रीडास्पर्धांची चांदीची नाणी जमवायचा. एका बाजूला खेळ, दुसऱ्या बाजूला यजमान शहर. मखमली तबकात प्रत्येक नाण्याला गोल खाच. एकच खाच रिकामी होती. होड्यांची शर्यत, मागे शहराचा पूल. त्या एका नाण्यासाठी त्यानं किती बाजार पालथे घातले, ते देवालाच ठाऊक.

आणि ते मिळालं कुणाला? साडूला. नळदुरुस्तीवाल्याला. नाण्यातलं ज्याला ओ की ठो कळत नव्हतं त्याला.

"साडूभाऊ, एका गिऱ्हाईक बाईंनी दिलं. अस्सल आहे ना, बघा बरं."

घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं. पूल, वल्ही, सगळं जिथल्या तिथं. वर निळसर काळा थर, जाणकारानं जीव टाकावा असा. दात आमचे आणि चणे याच्या पदरात, असं मनात येऊन त्याचा नुसता जळफळाट झाला.

"अस्सल आहे," तो कसाबसा म्हणाला.

"पण काळंठिक्कर पडलंय हो. घासू का जरा?"

तो थर घासला की खालची टाकसाळीची झळाळीही जाते आणि जमवणाऱ्याच्या लेखी नाणं मेल्यात जमा होतं. घड्याळजीला हे पाठ होतं. नुसतं 'नको' म्हणायचं होतं. पण मला नाही तर तुलाही नाही, या विचारानं तो शब्द घशातच राहिला.

"घासा की. नळ घासता तसंच."

"मग काय, हातचा मळ आपला," साडू हसला.

रविवारी साडू जोडीनं जेवायला आला. आल्या आल्या त्यानं डबी पुढे केली. आत नाणं आरशासारखं लख्ख, अंगभर बारीक ओरखडे.

"तुमच्या रिकाम्या खाचेसाठीच हो. बाई मजुरी देत होत्या, म्हटलं, त्याऐवजी हेच द्या. पण तुम्हाला काळं कसं द्यायचं? घासून घासून खांदे भरून आले."

घड्याळजी त्या ओरखड्यांकडे बघत बसला. आणि तेव्हाही त्याला हेवाच वाटला. असं देणं त्याला जन्मात सुचलं नसतं.

"बघत काय बसलात? बसवा ना खाचेत," घड्याळजीची बायको म्हणाली.

त्यानं बसवलं. चपखल बसलं. तबक उघडलं की आजही त्याची नजर आधी त्यावरच जाते आणि खाली वळते.

तुम्ही एवढंच करा. कुणाचं भाग्य डोळ्यांत खुपलं, तर त्या नळवाल्याचे दुखरे खांदे आठवा.