राजाचा अंगठा

हौशी नाटक मंडळीतल्या शिंपीकाकांना सगळे 'महाराज' म्हणत, कारण तिसऱ्या अंकात राजा होऊन मरायचा मान वर्षानुवर्षं त्यांचाच. मरत झकास, पंचाईत व्हायची ती मेल्यावर. राणीचा विलाप सुरू झाला रे झाला, की महाराजांना लघवीची घाई! मग त्यांच्या पायाचा अंगठा वळवळे. पहिल्या रांगेतली बायको ही खूण ओळखून गुपचूप उठे आणि रंगमंचामागचा एकुलता एक संडास अडवून उभी राही. पडदा पडला की महाराज मुकुटासकट सुसाट. पुन्हा पडदा उघडून सगळे नट वाकत, तेव्हा राजाचा पत्ता नसे. लोक म्हणत, काय नम्र माणूस!

लोकांचं जाऊ द्या. पण बायकोनं आपल्याला एकदा तरी टाळ्या घेताना बघावं, असं महाराजांना फार फार वाटे.

शेवटी त्यांनी डॉक्टर गाठले.

"प्रोस्टेट वाढलंय. वयोमानानं होतंच. रात्री झोपताना ही गोळी घ्या. फक्त उठताना सावकाश उठा, नाहीतर गरगरेल."

"आणि मेल्यावर उठायचं असलं तर?"

"मग तर अगदीच सावकाश!"

गोळी लागू पडली. प्रयोगाच्या दिवशी महाराजांनी घरी छाती ठोकून सांगितलं, "आज मी जागचा हलत नाही. तू फक्त बघत राहा."

"बघू," बायको म्हणाली.

महाराज मेले. राणीनं हंबरडा फोडला, विलाप संपता संपेना, आणि यांना काही म्हणता काही होईना! आनंद पोटात मावेना. मेलेल्याला हसायची सोय नाही, म्हणून तो निघाला अंगठ्यातून. अंगठा नुसता नाचायला लागला.

पडदा पडला, उघडला. महाराज सिंहासनाला धरून सावकाश, एकेक गुडघा सांभाळत उठले. मेलेला राजा असा ऐटीत उठताना पाहून लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं. महाराजांनी पहिल्या रांगेत पाहिलं. बायकोची खुर्ची रिकामी!

हात्तिच्या! अंगठा!

महाराज सुटले. "निघाले बघा!" मंडळी खिदळली.

मागे बायको दोन्ही हातांनी दाराची कडी धरून उभी, आणि समोर घायकुतीला आलेला सेनापती.

"अहो, चला लवकर! केव्हाचा अडवून धरलाय."

"अगं, लागलीच नाहीये!"

"मग अंगठा कशाला हलवलात? मला वाटलं, गोळी फसली!"

"आनंद झाला म्हणून हलवला!"

भिंतीपलीकडे टाळ्या अजून चालू होत्या. महाराजांनी मुकुट काढून छातीशी धरला आणि बायकोसमोर सावकाश कमरेत वाकले. टाळ्या वाजवायला तिनं कडी सोडली, आणि सेनापती आत घुसला.