दुसरा नंबर हवा

आमचा देश हँडबॉलमध्ये गेली सतरा वर्षं उदयोन्मुख आहे. माझं लग्न झालं तेव्हाही होता. उदयोन्मुख राष्ट्रांच्या पुरुष संघांसाठी एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते. तिला आमचा संघ दर वर्षी जातो, मधल्याच कुठल्या तरी नंबरावर येतो आणि नवे बूट, नव्या बॅगा घेऊन परततो. माझा नवरा या संघाचा गोलकीपर. एरवी लिफ्ट दुरुस्त करतो. संघात एक दंतवैद्य आहे, एक गाडी चालवायला शिकवणारा आहे, आणि दोघे साडू आहेत जे एकमेकांशी फक्त मैदानावरच बोलतात. एकंदरीत सगळं सुखात चाललं होतं.

या वर्षी स्पर्धा आमच्याच शहरात झाली आणि आम्ही चक्क अंतिम फेरीत पोचलो. यात आमची काही चूक नव्हती. उपांत्य फेरीतला समोरचा संघ हरण्यात आमच्यापेक्षा तरबेज निघाला, एवढंच.

जिंकायचं कोणालाच नसतं, कारण नियम असा, की जो जिंकला तो उदयोन्मुख राहत नाही. पुढच्या वर्षी त्याने मोठ्यांत खेळायचं, बूट पदरचे घ्यायचे, आणि पहिलीच गाठ जगज्जेत्यांशी. मागच्या विजेत्यांवर जगज्जेत्यांनी एकसष्ट गोल चढवले. त्या विजेत्यांचा गोलकीपर म्हणे अजून कोणी किल्ल्यांचा जुडगा फेकला तरी टेबलाखाली शिरतो.

अंतिम सामन्याच्या सकाळी आमच्या हँडबॉल संघटनेच्या अध्यक्षांनी, संघ उतरला होता त्या वसतिगृहाच्या जेवणघरात संघाची बैठक घेतली. मी नवऱ्याचा विसरलेला गुडघ्याचा पट्टा द्यायला गेले होते, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं. अध्यक्षांचं फरशांचं दुकान आहे आणि ते संघाशीही गिऱ्हाइकाशी बोलावं तसं गोड बोलतात.

"दुसरा नंबर म्हणजे चांदीचा कप," ते म्हणाले. "पेपरात फोटो येतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बॅगा मिळतात. पहिल्या नंबराचा हव्यास कोणी धरायचा नाही. कळलं?"

माझ्या नवऱ्याने वर्गातल्यासारखा हात वर केला. "साहेब, आज माझे वडील येतायत. पहिल्यांदाच. एखादा तरी बॉल अडवू द्या."

अध्यक्षांनी थोडा विचार केला. "एक अडव," ते म्हणाले. "पण मग दोन सोड."

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर कुलपं दुरुस्त केली. हँडबॉलवर त्यांचा आक्षेप धंद्याचा आहे. "एवढं मोठं दार सताड उघडं ठेवायचं आणि राखायला माणूस उभा करायचा? हा मूर्खपणा आहे," असं म्हणून ते दर वर्षी दुकानाची सबब सांगायचे. या वर्षी दुकान बंद केलं, त्यामुळे सबबच उरली नाही. नवरा वरवर हसून सोडून देतो, पण चाळिशी उलटली तरी बापाने एकदा आपल्याला खेळताना पाहावं म्हणून त्याचा जीव तुटतो. मला सासऱ्यांचा राग येतो तो याचसाठी. सांगून सांगून मी हात टेकले होते.

सामना सुरू झाला आणि दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की समोरच्यांच्या अध्यक्षांनीही सकाळी बैठक घेतली असणार.

त्यांच्या बचावातले दांडगे खेळाडू आमच्या दंतवैद्याला वाट देऊन अदबीने बाजूला झाले. दंतवैद्य एकटाच गोलसमोर पोचला, गांगरला आणि त्याने बॉल गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलावर नेऊन आदळला. मग त्यांच्या एकाने छताचा दिवा फोडला. आमचे दोघे साडू एकमेकांना इतका वेळ बॉल देत राहिले, की त्यांच्या बायकांना गहिवरून आलं. पंच हात वर करून खूण करत होते, की वेळ काढू नका, गोलवर मारा. शेवटी ते कंटाळून बॉल दुसऱ्या संघाला द्यायचे, आणि तो संघ जणू उसना आणलेला असल्यासारखा परत करायचा. ज्या खेळात तीस-तीस गोल होतात, त्यात मध्यंतराला शून्य-शून्य झालं होतं.

"हा तिथे करतोय काय?" सासऱ्यांनी मला विचारलं.

"बाबा, तो गोलकीपर आहे."

"पण त्याच्याकडे काहीच येत नाहीये."

"तो उभा आहे म्हणूनच येत नाहीये," मी थाप मारली.

सासऱ्यांनी मुलाकडे जरा निरखून पाहिलं. "असं होय," ते म्हणाले. "दरारा आहे तर." मग त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाचं कोपर हलवलं. "तो लांब विजारवाला माझा मुलगा. त्याला बघून कोणी मारायलाच धजत नाही."

मला हसू आवरेना आणि रडूही येईना. तिकडे नवरा दोन खांबांच्या मध्ये उगाचच हात पसरून उभा होता. मध्येच तो आमच्याकडे बघायचा आणि मान खाली घालायचा. बाप आला त्याच दिवशी एक बॉल येऊ नये, याची त्याला लाज वाटत होती.

उत्तरार्धात समोरच्यांनी कमाल केली. आपल्या गोलकीपरला बाकावर बसवलं आणि त्याच्या जागी एक जास्तीचा खेळाडू आत आणला. नियमात बसतं ते. त्यांचा गोल रिकामा पडला.

"दार उघडं टाकून गेला!" सासरे किंचाळले. "अरे, काय माणूस आहे!"

आमच्या पोरांच्या नाकी नऊ आले. एवढ्या मोठ्या रिकाम्या गोलात बॉल जाऊ न देणं हे सोपं काम नाही. तरी त्यांनी ते निभावलं.

शेवटचं मिनिट उरलं. त्यांच्या सगळ्यात उंच खेळाडूने गोलच्या पार वरून फेकायचं ठरवलं होतं, हे त्याच्या उडीवरून कळत होतं. पण बॉलवर पकड बसावी म्हणून हे लोक हाताला राळ लावतात, आणि त्याने ती जरा जास्तच लावली होती. बॉल हातातून उशिरा सुटला आणि सरळ आमच्या गोलच्या खालच्या कोपऱ्याकडे निघाला.

"सोड!" बाकावरून अध्यक्ष ओरडले.

"अडव!" माझ्या शेजारून सासरे ओरडले. त्यांना मी उभं राहून ओरडताना कधी पाहिलं नव्हतं.

नवऱ्याने झेप घेतली. जमिनीला समांतर, पूर्ण लांब झाला तो. बॉल त्याच्या तळहातावर आपटला, उंच उडाला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे टप्पे खात निघाला, रिकाम्या गोलाकडे.

आमचे सहाच्या सहा जण त्याला अडवायला जिवाच्या आकांताने त्याच्यामागे धावले. दंतवैद्य सगळ्यात पुढे होता. पण गोलपुढच्या अर्धवर्तुळात गोलकीपरशिवाय कोणी पाय टाकायचा नसतो. सहाही जण रेषेवर थांबले आणि बॉल आत जाईपर्यंत बघत उभे राहिले.

मग सगळं उलटं झालं. हरलेला संघ एकमेकांच्या खांद्यावर चढून नाचला. जिंकलेला संघ तोंड झाकून रडला. अध्यक्षांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून सोन्याचा कप घेतला. "बघ, आनंदाने कसे रडतायत," असं म्हणत सासरेही डोळे पुसत होते.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर नवरा बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होता. अध्यक्ष त्याच्यासमोर उभे होते. आज त्यांच्या बोलण्यात गोडी नव्हती. "राखीव गोलकीपरने आत्ताच राजीनामा दिला," ते म्हणाले. "जगज्जेत्यांसमोर तूच उभं राहायचंस."

सासरे हे न ऐकताच मध्ये घुसले. "पुढची मॅच कधी आहे? मी येणार."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आता मी कुठली थाप मारणार?

"नका येऊ, बाबा," तो म्हणाला. "पुढच्या वेळी माझ्यावर साठ गोल पडतील."

सासऱ्यांनी हिशेब केला. "म्हणजे निदान साठ वेळा बॉल येईल तुझ्याकडे?"

"हो."

"मग बरं आहे," सासरे त्याच्या शेजारी टेकत म्हणाले. "आज फार वेळ रिकामा उभा होतास. मला बघवत नव्हतं."

नाडी तशीच हातात धरून माझा नवरा ओक्साबोक्शी रडायला लागला.

"आता रडून काय उपयोग?" अध्यक्ष म्हणाले.